गंगावनाची केसपत्रिका

कंपनीनं माझ्याकडून खुलासा मागवला होता, दोनशे शब्दांत. तो मी पाठवला. त्यात एकही वाक्य खरं नाही. हा दुसरा खुलासा. हा कंपनीला पाठवायचा नाही, म्हणून याला शब्दमर्यादाही नाही.

प्रश्न. विवाहपूर्व पॅकेजच्या ग्राहकासोबत सासरची मंडळी आली आहेत. केसवाचनाचा अहवाल कोणास द्यावा?
(अ) जिचे केस आहेत तिला
(ब) ज्याने पैसे भरले त्याला
(क) दोघांना
(ड) कोणालाच नाही

बरोबर उत्तर ब. माझ्याकडच्या नसीमनं पहिल्या वर्षी अ लिहिलं आणि व्यवस्थापक प्रशिक्षणात नापास झाली. पुण्याहून परत आली ती एसटीतून उतरल्या उतरल्या म्हणाली, "ताई, ते केस उगवतात कुणाच्या डोक्यात हे पेपरात विचारलंच नव्हतं. मी आगाऊपणा केला." पुढच्या वर्षी तिनं ब लिहिलं. पास झाली. तिचं प्रमाणपत्र काचेत लावलं, आणि ते काचेत असल्याशिवाय शटर वर न्यायचं नाही हे कलमही तिथंच शेजारी लावलं.

मी वैजयंता चौगुले. जयसिंगपूरला आठव्या गल्लीत माझं पार्लर होतं. आता तिथंच 'केशरेषा'चं सलोन आहे आणि मी त्याची फ्रँचायझी मालक आहे. मालक म्हणजे भाडं माझं, वीजबिल माझं, आणि नियम त्यांचे. साखळीबाहेरच्या दुकानाला परवाना मिळेनासा झाला तेव्हा मीही बाकीच्यांसारखी सही केली. नसीम मुजावर आधी माझ्याकडं कामाला होती, आता ती 'प्रमाणित व्यवस्थापक' आहे. काम तेच. फक्त आता ती चुकली तर तिची तक्रार मीच करायची, असं एक कलम आहे.

कलम. व्यवस्थापकाच्या नियमभंगाची लेखी नोंद मालकाने स्वतः करावी. मालकाने टाळाटाळ केल्यास मालक सहभागी मानला जाईल.

हे ज्यानं लिहिलं त्याला मला एकदा बघायचं आहे. नुसतं बघायचं आहे. त्याच्या घरी कोण जेवायला वाढतं, तो तिच्याशी कसा बोलतो, एवढंच.

●

आता कंगव्याबद्दल. हे नीट सांगते, कारण पुढचं सगळं यावर आहे.

केस जिवंत असतो तो फक्त कातडीखाली, मुळाशी. तिथं तो घडत असताना रक्तातून जे जे वाहत असतं त्याचा अंश त्याच्यात अडकतो. ताणाची संप्रेरकं, गर्भारपणाची संप्रेरकं, झोपेच्या गोळ्या, तंबाखू, ताप. केस बाहेर आला की मेला, आणि मेल्यावर त्यात नवीन काही शिरत नाही. महिन्याला तो साधारण सेंटिमीटरभर वाढतो. म्हणजे मुळाशी गेला महिना असतो, खांद्यावर दोन वर्षांपूर्वीचे दिवस, कमरेला पाच-सहा वर्षांपूर्वीचे. पूर्वी हे बघायचं तर केस कापून, विरघळवून, प्रयोगशाळेत द्यावे लागत. 'केशरेषा'चा कंगवा ते डोक्यावरच करतो. त्याचे दात प्रकाश सोडतात, केसातून परत आलेला प्रकाश टिपतात आणि कुठल्या उंचीवर काय अडकलंय ते सांगतात. एका केसातली खूण फार पुसट असते, म्हणून तो हजारो केसांची सरासरी काढतो. मेंदी, शाम्पू, ऊन यांनी झालेली झीज हिशेबात धरतो.

एक गोष्ट मात्र तो बघत नाही. दातांत आलेल्या केसाचं मूळ कुठल्या डोक्यात आहे, हे.

सुरुवातीला हा आरोग्याचा कंगवा होता. थायरॉईड, रक्तातलं लोह, चांगलं होतं ते. अजूनही प्रत्येक पॅकेजात वाचन असतंच. मग एका वर्षी जाहिरात आली: 'वेणी माळण्याआधी एकदा वाचा.' साखरपुड्याला सासरकडून मुलीला साडी आणि फुलांची वेणी येते, जाहिरात तिच्यावरूनच काढलेली. झालं. लोकांनी त्याला केसपत्रिका नाव ठेवलं. मुलांची वाचत नाहीत. मुलांचे केस बारीक, त्यात महिन्या-दोन महिन्यांपलीकडं काही नसतं. किती सोयीचं.

ज्या पोरींचे केस कमरेखाली जातात म्हणून आया मिरवायच्या, त्यांच्या पाठीवर सहा वर्षांची साक्ष लोंबायला लागली. पोरी कापायला आल्या. लगेच कलम आलं, वाचनाआधी कात्री नाही. आणि आधीच कापलेले असतील तर अहवालात शेरा: 'इतिहास अपुरा'.

●

त्या दिवशी केतकी खोत आली ती होणाऱ्या सासूबरोबर, इंगवलेकाकूंबरोबर. केतकी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. हसरी, तोंडाळ. मागच्या वर्षी तिला डेंग्यू झाला आणि केस मूठमूठ गळले. जे उरले ते खांद्याच्या जरा खाली. पण खुर्चीत बसली तेव्हा पाठीवर मनगटाएवढी वेणी होती.

नसीमनं वेणी हातात घेतली. तिची बोटं थांबली. मला आरशात दिसली ती.

गंगावन होतं. केतकीच्या आईनं घरूनच गुंफून पाठवलं होतं, आणि छान गुंफलं होतं, जोड दिसत नव्हता. पण बोटांना कळतं. पार्लर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला कळतं, आणि कुठलीही बाई सासरच्या माणसांसमोर ते बोलत नाही. आमच्या धंद्यात हे कुणी शिकवत नाही. खोटा केस, पांढरा केस, टाळूवरची चाई, कानामागचा डाग. जे हाताला लागलं ते हातातच ठेवायचं.

कलम वेगळं आहे. वाचनाआधी वेणी पूर्ण सोडावी, बाहेरची जोड काढावी. नसीमला पाठ आहे. तिनं आरशातून माझ्याकडं बघितलं. मी डोळे मिटून उघडले. म्हणजे, असू दे.

तिनं वेणी न सोडता कंगव्याचे दात वेणीत रोवले आणि शेंड्यापर्यंत ओढत नेले.

इंगवलेकाकू कोचावर बसून बोलत होत्या. "आमच्यात असलं काही बघत नाहीत हो वैजू. पण आमच्या पप्पूचे बाबा म्हणाले, सगळे करतात तर आपणही करू. पॅकेजच आहे." त्यांनी आणलेली अबोलीची वेणी पानात गुंडाळून केतकीच्या मांडीवर ठेवली होती. फोन वाजला. त्यांनी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं.

"काय आलंय काकू?" केतकीनं विचारलं. "लोह कमी असणार. मी पालेभाज्या खात नाही."

इंगवलेकाकू उठल्या. तिच्या मांडीवरची अबोलीची वेणी उचलली, पान नीट मिटलं, पर्समध्ये ठेवली आणि गेल्या.

अहवाल नंतर गावभर झाला, म्हणून मला पाठ आहे. गर्भधारणा: एक. अवधी: सुमारे चार महिने. शेवट: अकाली. पुढे प्रदीर्घ तीव्र ताण.

●

प्रश्न. अहवालामुळे ग्राहकाचे नुकसान झाल्यास जबाबदार कोण?
(अ) यंत्र (ब) कंपनी (क) व्यवस्थापक (ड) ग्राहक

दोन उत्तरं बरोबर आहेत. अ आणि ब सोडून.

अनुपालन अधिकारी आला. दाभाडे नाव. वयानं माझ्या भाच्याएवढा, बोलायला गोड. बसण्याआधी खुर्ची रुमालानं झटकली.

"मॅडम, मला मदतच करायचीये. ती जोड होती ना? गंगावन? मग सोपं आहे. तुम्ही लिहून द्या की व्यवस्थापकानं वेणी सोडली नाही. आम्ही अहवाल मागे घेतो. पैसे भरणाऱ्याला दुरुस्तीपत्र जातं. मुलगी क्लीन."

"आणि नसीम?"

"प्रमाणपत्र रद्द. कायमचं. कुठल्याच साखळीत नाही."

"म्हणजे कुठंच नाही."

"नियम आहे मॅडम. यंत्र चुकत नाही, माणूस चुकतो. तुम्ही माणूस दाखवा, आम्ही दुरुस्ती करतो."

"मी खूण केली तिला. माणूस मी."

"मालकासाठी तसा फॉर्म नाही," दाभाडे म्हणाला. खरंच वाईट वाटल्यासारखा म्हणाला. "विचार करा. पुढच्या सोमवारपर्यंत चालेल."

तो गेल्यावर नसीमनं झाडू घेतला, जमिनीवर एक केस नव्हता तरी झाडायला लागली.

"सही करा ताई."

"गप बस."

"पोरीचं आयुष्य आहे. मी काय, शेवया करून विकीन."

"तुझ्या शेवया खाल्ल्यात मी."

"मग लोणचं."

"तेही खाल्लंय."

ती हसली आणि मग हसता हसता भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मला त्या वेळी तो कंगवा उचलून रस्त्यावर फेकायचा होता. फेकला असता तर तोही माझ्याच खात्यावर लागला असता. राग आला तरी तो परवडतो का बघावं लागतं, आमच्या धंद्यात हेही एक कलम आहे, फक्त लिहिलेलं नाही.

●

केतकी रविवारी दुपारी आली. एकटी. केस मोकळे, खांद्याच्या जरा खाली. हातात कापडी पिशवी.

"काकी, उद्या तुम्ही सही करणार म्हणे."

"आईनं सांगितलं वाटतं, काल मी तिला शब्द दिला. हो. तुझं नाव तर साफ होईल."

"कसं साफ होईल? सांगा की."

"ते केस तुझे नव्हते, असं लिहून देणार."

"मग लोक म्हणणार, बघा, पोरगी चांगली निघाली."

"म्हणतीलच."

"आणि माझे असते तर?"

नसीम पाण्याचा ग्लास घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली.

"माझेच केस असते, माझंच मूल गेलं असतं, तर कुठला फॉर्म होता?" केतकी म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं. "कारखान्यात उसाचा नमुना येतो ना काकी, तेव्हा आधी लिहितात कुठल्या रानातला, कुणी तोडला. उसाला जेवढं विचारतात तेवढं मला कुणी विचारलं नाही. पण ते जाऊ दे. मला सांगा, ही कोण?"

तिनं पिशवीतून गंगावन काढून काउंटरवर ठेवलं. लांब, काळंभोर, एका दिशेनं पडलेलं. घराघरातून गोळा केलेल्या गुंतवळाचं असतं तर मूळ आणि टोक उलटसुलट झालं असतं, कंगव्याला त्यातून काहीच वाचता आलं नसतं. ही एकाच बाईची सबंध वेणी होती. कापून दिलेली.

"आईनं केसांवर भांडी देणारीकडून घेतलं," केतकी म्हणाली. "मी जाऊन विचारलं तिला. ती म्हणाली, कुठल्यातरी बाईनं दिली वेणी, स्टीलचा डबा घेतला, झाकण घट्ट बसतं का तेवढं बघितलं आणि गेली. गाव नाही, नाव नाही."

नसीमनं ग्लास खाली ठेवला. गंगावनावरून हात फिरवला, ग्राहकाच्या केसांवरून फिरवतात तसा. अर्ध्यापाशी थांबली. "इथं असणार ते."

"चार महिन्यांचं," केतकी म्हणाली. "मग पुढचा सगळा ताण. वर्षभर तरी. इथपर्यंत. त्या वर्षभरात तिला कुणी विचारलं होतं का, बाई, बरी आहेस का? नाही. आता मात्र तिचं सगळं छापून आलं, आणि माझ्या नावावर. आणि मी काय करायचं? छी म्हणायचं? हे तिचं, माझं नाही, असं?" तिनं पिशवी रिकामी करून घडी घातली. "मला नको साफ नाव. नसीमभाभींचं प्रमाणपत्र जाऊन तर नकोच. हे ठेवा तुमच्याकडं."

"अगं, इंगवल्यांचं काय?"

"त्या घरात? ज्यांनी फुलं मोजून परत नेली?"

ती दारापर्यंत गेली आणि वळली. "ओवाळणीचं ताट तेवढं राहिलंय आमचं त्यांच्याकडं. आई रडतीय त्यासाठी."

●

सोमवारी दाभाडेला दोनशे शब्द पाठवले. वेणी सोडली होती. जोड नव्हती. वाचन नियमाप्रमाणे झालं. ग्राहकाची तक्रार नाही. खाली केतकीची सही.

मग शटर वर नेलं आणि पहिल्या खुर्चीत मी बसले.

"वाच," मी नसीमला म्हटलं.

तिनं कंगवा माझ्या डोक्याजवळ नेला. दुसऱ्या हातानं ड्रॉवरमधलं गंगावन माझ्या मानेमागं धरलं आणि दात त्यात रोवून खाली ओढले. माझा अहवाल माझ्या फोनवर आला, कारण पैसे मीच भरले होते. गर्भधारणा: एक. अवधी: सुमारे चार महिने. माझं वय चौपन्न.

माझ्यानंतर डॉक्टरीणबाई. त्यांना नसीमनं कानात विचारलं. फक्त एक वाक्य. "तुमचं वाचू, का हिचं?" आणि ड्रॉवर अर्धा उघडून दाखवला. डॉक्टरीणबाईंनी बघितलं. किती वेळ बघितलं ते मी सांगणार नाही. म्हणाल्या, "हिचं."

मग नगरसेविका. हायस्कूलच्या दोन शिक्षिका. बँकेतली ती उंच मुलगी. मेडिकलवाल्याची सून. दहाव्या गल्लीतल्या चौघी जावा, एकदम आल्या, एकीनं दुसरीला ढोसलं, "हिला काय विचारता, हिला तर कुठल्याही निमित्तानं नवऱ्याला घाबरवायचंच आहे." कुणी हसून हो म्हणालं, कुणी नुसती मान हलवली. नाही कुणी म्हणालं नाही. लग्न ठरलेल्या मुलींना आम्ही शेवटी घेतलं, गावातल्या निम्म्या घरांत तो अहवाल पोचल्यावर. कुणाच्या सासरी बोलणं निघालं असतं तर त्या सासूचाही अहवाल तोच होता.

पैसे भरणाऱ्यांच्या फोनवर एकच मूल जात राहिलं. एकच वर्ष, एकच ताण. पुरुष आपापसात बोलत नाहीत अशा गोष्टी, म्हणून त्यांना कळायला वेळ लागला. कुणी घरी भांडला, कुणी गप्प झाला. एकजण सलोनच्या बाहेर येऊन उभा राहिला, चप्पल काढली, पुन्हा घातली आणि गेला. सोयरिकी जुळवणाऱ्यांनी केसपत्रिका मागणं सोडलं. गावात ज्याचा भाव सगळ्यांना सारखा, तो माल कोण बघतो?

दाभाडेचा फोन आलाच. नसीमनं स्पीकरवर टाकला.

"मॅडम, तुमच्या सगळ्या ग्राहकांचा इतिहास एकसारखा येतोय. हे कसं शक्य आहे?"

"सर, यंत्र चुकत नाही ना?" नसीम म्हणाली.

"नाही, पण..."

"मग इकडच्या बायकांचं तसंच असणार. पाणी तसं आहे इकडचं."

बहुतेक लेखापरीक्षण येईल. येईल तेव्हा येईल. ड्रॉवरला कुलूप नाही.

●

एकीला मात्र आम्ही विचारलं नव्हतं.

इंगवलेकाकू दर महिन्याला रंग लावायला येतात. त्या महिन्यातही आल्या, काही झालं नाही अशा. केतकीचं नाव काढलं नाही. नसीमनं मुकाट्यानं गंगावनातून कंगवा ओढला आणि अहवाल गेला तो काकूंच्या नवऱ्याच्या फोनवर, घरखर्चाचं खातं त्यांचं. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट त्या दिवशी मी जेवले पोटभर.

आठवड्यानं त्या परत आल्या. पदर डोक्यावरून घेतलेला. नसीमकडं बघून म्हणाल्या, "जरा बाहेर थांबतेस?"

नसीम बाहेर गेली. काकू त्याच खुर्चीत बसल्या. आरशात स्वतःकडं न बघता बसल्या. ते अवघड असतं, खुर्ची तशीच बनवलेली आहे.

"वैजू, त्यांच्या फोनवर गेलं ते."

"पैसे त्यांनी भरले होते."

"वाचलं त्यांनी. नुसतं ताट सारलं." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मी कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या आईलासुद्धा नाही. पप्पूच्या आधीचं ते. तीस वर्षं झाली."

बाहेर नसीम काच पुसत होती, प्रमाणपत्राच्या भोवतीनं.

माझा हात ड्रॉवरवर होता. काकूंचे केस मानेपर्यंत आहेत. त्यात फार तर सव्वा वर्ष मावतं. एक शब्द सांगितला असता तर ती बाई तिथंच मोकळी झाली असती, घरी जाऊन नवऱ्याला म्हणाली असती, यंत्र चुकलं हो. केतकीच्या मांडीवरून उचललेली अबोलीची वेणी मला दिसत होती, पान मिटताना त्यांनी किती काळजीनं मिटलं होतं तेही.

"केसात इतकी वर्षं राहतं का गं?" त्यांनी विचारलं.

प्रश्न. ग्राहकाने वरीलप्रमाणे विचारल्यास मालकाने काय उत्तर द्यावे?

याला पर्याय दिलेले नाहीत. प्रशिक्षणात हे येत नाही.

मी त्यांच्या डोक्यावरचा पदर काढला, साधा लाकडी कंगवा घेतला आणि भांग पाडायला सुरुवात केली.

"राहतं," मी म्हणाले.